उजव्या भिंतीवरचं बेट

एकतीस वर्षं मी लोकांना भिंती दाखवल्या. नवरा शेंद्र्याला कारखान्यात होता. त्याला कोणी कामाबद्दल विचारलं की तो "गिअरबॉक्स" म्हणायचा आणि विषय तिथंच संपायचा. मी "गाईड" म्हटलं की लोक विचारायचे, दहावीचं का बारावीचं? मग अजिंठा-वेरूळ असं सांगावं लागायचं, आणि त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: बाई असून?

तर बाई असून. या कामाला लागतं काय, तर दणकट पाय, घसा, आणि चार तास बाथरूमशिवाय राहायची सवय. इतिहास नंतर लागतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत एका वेळी चाळीस माणसं सोडतात आणि पंधरा मिनिटं देतात. त्यातली पाच मिनिटं अंधाराला डोळे सरावण्यात जातात. दोन मिनिटं कोणीतरी फ्लॅश मारतं आणि पहारेकरी ओरडतो त्यात जातात. उरलेल्या आठ मिनिटांत दीड हजार वर्षांपूर्वीचं एक राज्य, एक राणी, दहा-बारा हत्ती आणि निर्वाण बसवायचं. बाहेर आल्यावर निम्मे लोक चपला शोधतात आणि उरलेले विचारतात, जेवण कुठं आहे. जालन्याकडच्या एका गृहस्थांनी मला अगदी मनापासून विचारलं होतं, "म्याडम, एवढा रंग उडालाय, तर परत का मारत नाहीत?" मी म्हटलं, रंगारी सापडत नाही. त्यांना ते पटलं. त्यांच्या घराचंही काम त्यामुळेच अडलं होतं.

मला हे काम शिकवलं कादरी साहेबांनी. ते माझ्या आधी पंचवीस वर्षं या धंद्यात होते. उन्हाळ्यातही कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. लायसन मिळाल्यावर पहिल्या दिवशी मी त्यांना माझं पाठ केलेलं भाषण ऐकवलं. सनावळ्या, राजवंश, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा है बेटा. अब इसकू घर रखके आव. मेहमान इतनी दूर से आता, थकेला रहता. उसकू पहले उसका घर दिखाव. फिर वो तेरी दीवार देखता."

घर दाखवणं ही त्यांची रीत, पुढे आम्हा सगळ्यांचीच झाली. पाहुण्याला आधी विचारायचं, कुठले तुम्ही. मग आठ मिनिटांतली दोन मिनिटं खर्चून भिंतीवर त्याचा देश शोधून द्यायचा. इराणचे आले तर पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोप्या घातलेली, हातात पेले धरलेली परदेशी मंडळी आहेत, ती दाखवायची. जपानी आले तर पद्मपाणि. त्यांच्याकडच्या एका जुन्या देवळात तशीच रेषा आहे, हे त्यांना आमच्याआधी माहीत असतं, पण गाईडनं सांगितलं की बरं वाटतं. ज्यांचं काहीच नाही त्यांचीही सोय होती. फिनलंडचा एक उंच, अबोल माणूस आला होता. त्याचं घर कुठून काढायचं म्हणून मी कादरी साहेबांकडे पाहिलं. ते त्याला दुसऱ्या लेण्यात घेऊन गेले, छतापाशी हंसांची लांबच लांब ओळ आहे ती दाखवली आणि इंग्रजीत म्हणाले, "हे हिवाळ्यात तुमच्याकडून येतात." तो माणूस मान वर करून उभाच राहिला. बाहेर आल्यावर त्यानं डोळे पुसले. हंस खरंच फिनलंडहून येतात का, ते मी नंतर कधीही तपासलं नाही.

या रीतीत सगळ्यात सोपे पाहुणे म्हणजे श्रीलंकेचे. त्यांचं घर शोधावं लागत नाही, सतराव्या लेण्यात उजवी भिंत जवळजवळ त्यांच्याच नावावर आहे. थंडी सुरू झाली की त्यांच्या बसा यायच्या. बुद्धगया, सांची करत इथं यायचे. बायका-पुरुष पांढऱ्या कपड्यांत, बसमध्ये स्वतःचा आचारी, तांदळाची पोती आणि नारळ. लेण्यात मूर्तीपुढे ते त्रिसरण म्हणायचे तेव्हा मीही म्हणायची, कारण मी बौद्ध घरातली. शब्द तेच, चाल वेगळी. शेवटी "साधु, साधु, साधु" झालं की ते वळून माझ्याकडे बघायचे आणि मी एकदम गाईडची घरातली बाई व्हायची.

लहानपणी आमच्या पाचोडच्या वस्तीवर एकदा सिंहलचे, म्हणजे श्रीलंकेचे, एक भंतेजी येऊन गेले होते. त्यांच्यासाठी आईनं शेजारून स्टीलचं ताट आणलं. ते गेल्यावर ती म्हणाली, "आपला धम्म त्या लोकांनी तिकडं जपून ठिवला व्हता. गावाला जाताना आपण शेजाऱ्याकडं सामान ठिवतो ना, तसा. लई मोठं मन लागतं त्याला." तेव्हापासून सिंहल हा शब्द माझ्यासाठी आमचं सामान सांभाळणाऱ्या शेजाऱ्याचं नाव होता. सतराव्या लेण्यात मी उजव्या भिंतीसमोर उभी राहायची ती या भक्तीनं.

भिंतीवरची गोष्ट अशी. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे जणांसह समुद्रावर निघतो. जहाज फुटतं, सगळे ताम्रद्वीप नावाच्या बेटाला लागतात. तिथं सुंदर बायका त्यांना जेवू घालतात, लग्नं करतात. त्या असतात राक्षसिणी, पोट भरलं की नवरे खातात. सिंहलाला हे कळतं. एक पांढरा उडणारा घोडा त्याला घेऊन निघतो. त्याची राक्षसीण बायको कडेवर मूल घेऊन त्याच्या मागे त्याच्या राजाच्या दरबारात येते. राजा तिच्यावर भाळतो आणि सहकुटुंब खाल्ला जातो. मग लोक सिंहलाला राजा करतात. तो नौकांमध्ये हत्ती भरून बेटावर चढाई करतो, राक्षसिणींना हरवतो, आणि ताम्रद्वीपाचं नाव पडतं सिंहलद्वीप. मी टॉर्चचा मंद उजेड शेवटच्या लढाईवर न्यायची आणि म्हणायची, "आणि असं तुमच्या देशाला नाव मिळालं." इथं टाळ्या पडत. वीसेक वर्षं पडल्या.

मग तो ग्रुप आला. याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. त्यांच्याकडचं युद्ध संपून थोडाच काळ लोटला होता. अठ्ठावीस माणसं, पुढारी सोमपाल नावाचे निवृत्त हेडमास्तर. सरळ पाठीचा, वेळ पाळणारा माणूस. त्यांची बायको कुसुमा, तीही शिक्षिका होती. आणि कुसुमाला अगदी खेटून एक रंगीत साडी नेसलेल्या म्हाताऱ्या बाई, रासम्मा टीचर. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत त्या एकट्या रंगीत होत्या. कपाळावर विभूती. कुसुमानं मला बसमध्येच सांगून टाकलं की दोघींनी एका शाळेत तीस वर्षं शिकवलं, घरं शेजारी, आणि रासम्मा तमिळ आहे. कुसुमा म्हणाली, "आमच्याकडे दंगल झाली तेव्हा ही अकरा दिवस आमच्या भाताच्या कोठीत होती. सोमपाल दारात उभा राहून येणाऱ्यांना सांगायचा, घरात दुसरं कोणी नाही." कॅन्डीजवळच्या त्यांच्या घरात फणसाचं झाड किती मोठं आहे, हे तिनं जितक्या सहज सांगितलं तितक्याच सहज हेही सांगितलं.

सतराव्या लेण्यात मी नेहमीचं सगळं केलं. घोडा दाखवला, नौकांमधले हत्ती दाखवले. नाव मिळालं, टाळ्या पडल्या. पहारेकरी वेळ संपल्याचं सांगायला आत आला. तेव्हा मागून रासम्मा टीचरांनी वर्गात विचारावं तसा प्रश्न विचारला.

"त्या बायका कुठली भाषा बोलत होत्या?"

"कोण बायका?" मी म्हटलं.

"बेटावरच्या. ज्या आधीपासून तिथं राहत होत्या."

मी टॉर्च भिंतीवरून खाली आणला. सोमपाल सरांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

खाली चहाच्या टपरीपाशी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. रागावलेल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, तुमची चूक नाही, आमच्याकडेही पुस्तकात साधारण असंच आहे. मग त्यांनी मला त्यांच्या देशाचं नाव शिकवलं. मी एवढी वर्षं ते नाव विकत होते, पण ते मला त्या दिवशी कळलं. जुन्या ग्रंथांत ताम्रपर्णी. पहिल्यांदा उतरलेल्यांचे तळवे तिथल्या तांबड्या मातीनं तांबडे झाले म्हणून. सिंहलद्वीपाचं अरबांनी सरनदीप केलं, आमच्या कादरी साहेबांच्या तोंडी तेच नाव असायचं. पोर्तुगीज आले, डच आले, आणि शेवटी इंग्रजांनी त्याचंच सिलोन केलं. स्वातंत्र्य मिळाल्यावरही चोवीस वर्षं ते सिलोनच होतं. १९७२ साली इंग्रजांचं नाव नको म्हणून टाकलं आणि श्रीलंका घेतलं. टाकलेलं नावही मुळात सिंहलचंच होतं, हे टाकताना कोणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. पुढे तर सरकारी पाट्यांवर उरलंसुरलं होतं तेही पुसायला घेतलं. चहाच्या डब्यावर तेवढं राहिलं, कारण त्यावर चहा खपतो.

"आणि श्री?" मी विचारलं. आमच्याकडे लग्नपत्रिकेपासून ट्रकपर्यंत सगळीकडे श्री असतं, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं.

"माझे वडील भाड्याची गाडी चालवायचे," त्या म्हणाल्या. "मी लहान असताना सरकारनं कायदा केला, गाडीच्या नंबरात सिंहली अक्षरातलं श्री पाहिजे. आमच्या भागात लोक त्याला डांबर फासायचे. दुसऱ्या भागात दुसरे लोक तमिळ पाट्यांना डांबर फासायचे. वडील दोन्ही भागांत भाडं न्यायचे. डिकीत डांबर पुसायचं रॉकेल ठेवायचे. देशाच्या नावात श्री आलं तेव्हा ते फक्त म्हणाले, आता रॉकेल पुरणार नाही." पुढे म्हणाल्या, "आमच्या भाषेत अजूनही त्यात श्री नाही. नुसतं इलंगै. त्याहून जुनं आहे ईळम, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कवितांतलं. पण तो शब्द वेगळा देश मागत लढणाऱ्या पोरांनी घेतला, त्यांच्याबरोबर तोही मेला. आता मी तो घरातसुद्धा उच्चारत नाही. कुसुमाच्या घरात तर नाहीच."

"मग तुम्हाला कुठलं नाव बरं वाटतं?"

"सिलोन," त्या म्हणाल्या. "ते परक्यांनी दिलेलं होतं. सगळ्यांना सारखंच परकं होतं."

परत येताना शंभर किलोमीटर मी खिडकीबाहेर बघत होते. आमच्या पाचोडच्या वस्तीला गावानं ठेवलेलं एक नाव होतं. ते मी इथं लिहिणार नाही. माझ्या लहानपणी वस्तीतल्या पोरांनी ते बदललं, निळी पाटी लावली, हार घातला. बसचा कंडक्टर मात्र जुनंच नाव घेऊन घंटी मारायचा. नवं नाव सांगून तिकीट मागितलं की म्हणायचा, "असलं ठेसन नाय आपल्याकडं." आई जुन्या नावाचं तिकीट घ्यायची नाही. म्हणून आम्ही पुढच्या फाट्याचं तिकीट काढून वस्तीवर उतरायचो. आणि त्याच आईची लेक मी, वीस वर्षं टॉर्च मारून सांगत होते की बेटावर आधी जे राहायचे त्यांना सुळे होते. याची मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी वेरूळ होतं. कैलासात रावण पर्वत हलवतो आहे ते शिल्प आहे, वरच्या अंगाला लंकेश्वर नावाचं लेणंही आहे. तिथंही लंकेच्या पाहुण्यांना घर दाखवता येतं. मी रावणासमोर उभी राहिले आणि बसमध्ये जुळवलेलं बोलले. म्हटलं, "या राजाच्या बेटाला बरीच नावं मिळाली. ताम्रपर्णी, सिंहल, सरनदीप, सिलोन, श्रीलंका. काल मी तुम्हाला सांगितलं, राक्षसिणींना हरवलं आणि नाव पडलं. त्या हरलेल्या बायका आपल्या बेटाला काय म्हणायच्या, ते चित्रकारानं लिहून ठेवलेलं नाही. पण तुमच्यातल्या काहींच्या भाषेत त्याला इलंगै म्हणतात. आणि फार जुन्या कवितांत ईळम. तेही त्याचंच नाव आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. रासम्मा टीचर पदराचं टोक नीट करत राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कुसुमानं त्यांचा दंड धरला होता. सोमपाल सर सगळे पुढे जाईपर्यंत थांबले आणि मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "शेवटचा शब्द तुम्ही वापरायला नको होता. माझा धाकटा भाऊ सैन्यात होता. तो त्या शब्दापायी गेला." मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "तुमचं कामच माहीत असणं आहे." यात खोटं काही नव्हतं.

आठ दिवसांनी पर्यटन खात्याच्या ऑफिसातून बोलावणं आलं. गाईडचं लायसन ठरावीक वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं आणि माझं नेमकं त्याच महिन्यात संपत होतं. नवऱ्याच्या कारखान्यात तेव्हा पाळ्या कमी केल्या होत्या, घर माझ्या पायांवर चाललं होतं. तिथल्या साहेबांच्या टेबलावर दीड पानी तक्रार होती: गाईडनं फुटीर शब्द वापरून आमच्या देशाचा अवमान केला. खाली ग्रुपच्या सह्या. बहुतेक गोल गोल सिंहली अक्षरांत, काही इंग्रजीत. शेवटून तिसरी सही वेगळ्या वळणाची, तमिळ. एकच होती.

ती सही बघून मला पहिल्यांदा राग आला. तो खुर्चीत बसेपर्यंत टिकला. मग लक्षात आलं, त्यांना परत जाऊन त्याच फणसाच्या झाडाशेजारी राहायचंय.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी तक्रार दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा त्यांना ती कळली नव्हती. म्हणाले, "शोभाताई, ही रावणाचीच लंका ना? मग तुमी त्यांच्या घरच्या भांडणात कशाला पडलात?" मी समजावायला गेले. त्यांनी हात वर केला. "मला नका सांगू. मला तर ही सगळी नावं सारखीच वाटतात. तुमी एक खुलासा लिहून द्या, अनवधानानं गेला म्हणून. अनवधानाला कोणी काही करत नाही. लायसनवर मी आजच सही करतो."

अनवधानाने. सरकारी मराठीत फार उपयोगाचा शब्द आहे. त्यात माणूस हजर असतो आणि नसतोही. मी कागद घेतला आणि लिहिलं: "सदर शब्द माझ्या तोंडून अनवधानाने गेला, त्याबद्दल दिलगीर आहे." शंभर किलोमीटर बसमध्ये बसून जुळवलेला शब्द होता तो. अख्ख्या नोकरीत एवढ्या अवधानानं मी दुसरं काही बोलले नव्हते. सही केली, लायसन घेतलं, येताना भाजी घेतली.

हे सगळं इथंच संपलं असतं, पण कादरी साहेबांना कोणाकडून तरी तक्रारीचं कळलं. त्यांना तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. मला न सांगता दुसऱ्या दिवशी शेरवानी घालून ते ऑफिसात गेले. साहेबांपुढे उभं राहून म्हणाले, "मैंने इसकू सिखाया. इने जो बोली, समझ के बोली. भूल से बोलनेवाली औरत नहीं है ये. कागज पे लिखके देताऊं." साहेबांच्या टेबलाच्या खणात माझा खुलासा होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही. "बरोबर है कादरी साहेब," म्हणाले आणि चहा मागवला. साहेबांचे माझ्यावर हे दोन उपकार आहेत, आणि दुसरा मला जास्त जड गेला.

कारण तेव्हापासून कादरी साहेब ती गोष्ट सांगू लागले. नवीन पोरं-पोरी लायसन घेऊन त्यांना भेटायला जायची, तर त्यांना हंसांची गोष्ट सांगून झाली की माझी सांगायचे. "शोभा पे कंप्लेंट हुई. लायसन जानेवाला था. मगर इने अपना लफ्ज वापस नै ली." मी बऱ्याचदा तिथंच बसलेली असायची. मान खाली घालून चहा पीत असायची. पोरींना वाटायचं, बाई किती नम्र आहेत.

सतराव्या लेण्यात मी त्यानंतरही नऊ वर्षं गेले. लंकेचे पाहुणे आले की गोष्ट सांगायची, घोडा दाखवायची, हत्ती दाखवायची. नाव मिळालं हे शेवटचं वाक्य मात्र सोडून दिलं. टाळ्या कमी झाल्या. कोणी विचारलंच, त्या बायका कोण होत्या, तर म्हणायची, आधी राहणाऱ्या.

रासम्मा टीचरांचं पुढे एकदाच काही आलं. चहाचं एक पाकीट, पोस्टानं, त्यात चिठ्ठी नाही. माझा पत्ता त्यांना कोणी दिला माहीत नाही. पाकिटाच्या मागे त्यांचं नाव, गाव, आणि देशाच्या जागी शाईनं लिहिलेलं सिलोन. त्या नावाचा देश जगाच्या पोस्टात नाही. तरी पाकीट व्यवस्थित पोचलं होतं. चहा कडक होता, दूध जास्त घालावं लागलं.

मी रिटायर झाले आणि त्यानंतर आमच्या शहराचं नाव बदललं. हे शहर खडकी होतं, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. गाईड म्हणून मी ही यादी कितीतरी वेळा पाठ म्हटली असेल, पण यादी वाचणं वेगळं आणि तिच्यात राहणं वेगळं. नाव बदललं त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. मी घेतला. संध्याकाळी कादरी साहेबांकडे गेले, त्यांच्या सुनेनं चहा दिला. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्यांच्या डोळ्यांची. दुसरा कुठलाही विषय निघाला नाही. तेव्हापासून आम्ही दोघंही नुसतं "शहर" म्हणतो. शहरात गर्दी वाढली. शहरात पाणी आठवड्यानं येतं. असं बोलत आमचं छान चाललंय. कुसुमा आणि रासम्मा टीचर तीस वर्षं शेजारी कशा राहिल्या असतील, ते मला त्या चहाच्या टपरीवर कळलं नव्हतं. आता कळतं.

कादरी साहेब आता नव्वदीला आलेत. डोळे जवळजवळ गेलेत. या अंकासाठी लिहितेय म्हणून मी गेल्या महिन्यात त्यांना सांगायला गेले, तर खूष झाले. म्हणाले, "मेरे बारे में लिखी क्या?"

"लिहिलंय."

"और वो सरनदीपवाला किस्सा? कंप्लेंटवाला?"

"तोही."

"पूरा लिखी ना?"

मी म्हटलं, "पहिल्यांदाच पूर्ण लिहिलाय."

"तो सुनाव."

मी म्हटलं, छापून येऊ द्या, मग वाचून दाखवते. ते हसले. म्हणाले, "जल्दी छपवाव. मैं रुकताऊं, मगर बहुत नहीं."

संपादकांना मी कळवलंय, कादरी साहेबांचा अंक पोस्टानं पाठवू नका. त्यामुळे त्यांच्या पत्त्यावर शहराचं नाव कुठलं घालायचं हाही प्रश्न मिटतो. अंक मी हातानं घेऊन जाणार आहे. त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून, सून चहा ठेवून गेली की पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. हंस येतील तेव्हा ते हसतील. ऑफिसातला खुलासा येईल तेव्हा मी आवाज खाली आणणार नाही, 'अनवधानाने' हा शब्द सावकाश आणि पूर्ण वाचणार आहे. त्यांना ऐकू अजून चांगलं येतं.